पिंक कार्डं आणि न आलेले फोन

"किती?" मिस्टर हॉलिसनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "परत सांगा."

मी आकडा परत सांगितला. एवढी जादा पिंक कार्डं शनिवारी दुपारपर्यंत छापून हवी होती. प्रायमरी मंगळवारी होती. त्या दिवशी गुरुवार होता.

"शोबा," ते म्हणाले. माझ्या नावातला 'भ' त्यांना नऊ वर्षांत एकदाही जमला नाही. "ऑर्डर तुम्हीच तयार केली होती. शीटवर सही तुमची आहे. जानेवारीत तुम्ही म्हणालात, पुरतील. आता म्हणताय, पुरणार नाहीत. मधल्या काळात काय झालं?"

"डोलोरेसची वही भरली," मी म्हणाले.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची. शिकागोच्या बाहेर, शॉमबर्गपासून फार लांब नाही अशा एका कौंटीच्या इलेक्शन ऑफिसात मी नोकरीला होते. कौंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी. तिचं नाव लिहीत नाही, कारण तिथली बरीच माणसं अजून आहेत. मिस्टर हॉलिस तिथले कौंटी क्लार्क. या शब्दानं आमच्या घरी मोठा घोटाळा केला होता. आमचं गाव अकोल्याजवळ. बाबा जिनिंग फॅक्टरीत रुईच्या गाठी बांधायचे. आमच्या सगळ्या भाऊबंदांत कॉलेजात गेलेली पहिली व्यक्ती मी, आणि तिथे न थांबता नागपूरहून स्टॅटिस्टिक्समध्ये एम.एस्सी. केलं. मला ही नोकरी लागली तेव्हा बाबांनी शेजाऱ्याकडून पत्र लिहवून घेतलं: 'एवढी शिकून क्लार्कच्या हाताखाली कशाला गेलीस?' मी उलटटपाली कळवलं की इथला क्लार्क म्हणजे कारकून नव्हे. तो लोकांतून निवडून येतो, आणि मतदारयादीपासून मतमोजणीपर्यंत सगळं त्याच्या नावानं चालतं. बाबांचं समाधान झालं नाही. ते गावात सांगायचे, पोरगी कलेक्टर कचेरीत आहे. मीही ते खोडून काढलं नाही.

माझं काम सांगायला सोपं होतं. कुठल्या बूथवर किती बॅलट, म्हणजे मतपत्रिका, लागतील ते ठरवायचं. कमी पडली तर मतदार परत जातो. एकदा परत गेलेला मतदार पुन्हा येत नाही, त्याचा वकील येतो.

आता प्रायमरी म्हणजे काय ते सांगते. खरी निवडणूक नोव्हेंबरात. त्याआधी मार्चमध्ये प्रत्येक पक्षाचा उमेदवार कोण, ते मतदारच मत देऊन ठरवतात. इलिनॉयमध्ये त्यासाठी पक्षात आधी नाव नोंदवावं लागत नाही. बूथवर जायचं आणि टेबलापाशी बसलेल्या जजला तोंडानं सांगायचं, मला अमुक पक्षाचं बॅलट द्या. जज म्हणजे न्यायाधीश नव्हे. दिवसभर बूथ सांभाळणारी शेजारपाजारचीच माणसं, बहुतेक रिटायर्ड. कुठल्याही एकाच पक्षाचं बॅलट मिळतं. तुम्ही कुठलं मागितलं ते रेकॉर्डवर राहतं, मत कोणाला दिलं ते राहत नाही. बॅलट म्हणजे तेव्हा एक लांबट पंचकार्ड असायचं. ते चौकटीत सरकवायचं आणि टोच्यानं आपल्या उमेदवारासमोर भोक पाडायचं. एका पक्षाच्या कार्डावर गुलाबी पट्टी, दुसऱ्याच्या कार्डावर हिरवी.

मिस्टर हॉलिस स्वतः एका पक्षाच्या तिकिटावर निवडून आले होते, पण त्यांचा कडक नियम होता: ऑफिसात पक्षाचं नाव कोणी घ्यायचं नाही. पिंक म्हणायचं, नाहीतर ग्रीन. माझ्या आईनं जन्मात बाबांचं नाव घेतलं नाही, त्यामुळे मला हा नियम पाळणं काही जड गेलं नाही. इथेही तोच पाळते.

आमची कौंटी पक्की पिंक. नोव्हेंबरात पिंकचा माणूस घरात बसूनसुद्धा निवडून यायचा. म्हणजे खरा सामना मार्चमध्येच. त्या वर्षी कौंटी बोर्डाच्या अध्यक्षपदासाठी पिंकमध्ये तिघं उभे होते. जो सगळ्यांत पुढे होता त्याला पेपरवाले फ्रंटरनर म्हणायचे. त्यानं जाहीर केलं होतं की निवडून आलो तर कौंटीचं नर्सिंग होम बंद करणार. तिथे ज्यांना दुसरीकडे कुठे सोय नाही असे म्हातारे लोक राहायचे. उरलेल्या दोघांत एक बाई आणि एक रिटायर्ड हेडमास्तर. होम चालू राहावं असं दोघंही म्हणत होते. म्हणजे विरोधातली मतं दोघांत फुटणार आणि फ्रंटरनर आरामात जाणार.

मग लोकांनी डोकं चालवलं. हेडमास्तरांची माणसं म्हणू लागली, आपले सर काही येत नाहीत, मत बाईंना देऊ. आणि ग्रीनवाले म्हणू लागले, आपल्याकडे मार्चमध्ये एकेकच उमेदवार आहे, तिथे भोक पाडून उपयोग काय? या खेपेला पिंक कार्ड मागू आणि बाईंना देऊ. बाई आवडतात म्हणून नव्हे, तो पडावा म्हणून. याला इथे क्रॉसओव्हर म्हणतात. ते कायद्यात बसतं. पण पिंक कार्डांचा माझा हिशेब त्यात बसत नव्हता. मी मागच्या दोन प्रायमरींचा मोठा आकडा घेऊन त्यावर पाचवा हिस्सा जादा धरला होता. नेहमी तसंच धरायचो. त्या हिशेबात ग्रीनवाले ग्रीनच मागणार हे गृहीत होतं.

डोलोरेस आमच्या फोनवर बसायची. 'मी दर वेळी ग्रीन घेतो, या वेळी पिंक घेतलं तर चालतं का?' असा फोन आला की ती माणसाचा पत्ता विचारून प्रिसिंक्ट नंबर वहीत लिहायची आणि पुढे एक रेघ मारायची. प्रिसिंक्ट म्हणजे एका बूथचा इलाखा. तिला रेघा मारायला कोणी सांगितलं नव्हतं. ती आधी टॅक्सी कंपनीत फोन घ्यायची, तिथली ही सवय. गुरुवारी सकाळी ती वही मी सहज चाळली आणि तशीच उठून मिस्टर हॉलिसच्या केबिनमध्ये गेले.

त्यांनी पानं उलटली.

"लोक फोनवर काहीही बोलतात," ते म्हणाले. "बूथवर गेल्यावर शेजारी बसलेला असतो जज म्हणून. त्याच्यासमोर मोठ्यानं दुसऱ्या पक्षाचं नाव घ्यायला जीभ रेटत नाही. मी आयुष्यभर बघतोय."

"आणि रेटली तर?"

त्यांनी वही मिटून माझ्याकडे सरकवली.

"मी जादा पिंक छापली," मग म्हणाले, "आणि कोणी आलंच नाही, तर फ्रंटरनर म्हणेल, हॉलिसनं ग्रीनवाल्यांसाठी पायघड्या घातल्या. तो माझ्याच पक्षाचा आहे."

"आणि नाही छापली आणि संपली, तर बाकीचे म्हणतील, हॉलिसनं आपल्या माणसाला वाचवलं."

माझी ही सवय. तोंडावर बोलते. एकदा वाटलं, आता मला बाहेर काढतात.

"ठीक आहे," ते म्हणाले. "पण सगळ्या कौंटीत उधळायला देणार नाही. मला प्रिसिंक्ट सांगा. कुठे, किती. प्रिंटर एकदाच छापून देईल, दुसऱ्यांदा वेळ नाही. आणि शोबा, मंगळवारी एका जरी बूथवर पिंक संपलं, तर कोर्टात मी उभा राहीन आणि ऑर्डर शीट दाखवीन. त्यावर सही तुमची असेल."

"माहीत आहे," मी म्हणाले.

मी डोलोरेसच्या रेघा मोजल्या. ज्या प्रिसिंक्टपुढे रेघा जास्त, तिथे जादा कार्डं. चाळीस प्रिसिंक्टची यादी झाली. खाली सही केली. शनिवारी दुपारी प्रिंटरची गाडी आली. आम्ही चाळीस गठ्ठे बांधून, चिठ्ठ्या लावून गोडाऊनमध्ये रचले. मला बरं वाटलं. नागपूरला शिकलेलं कामी आलं असं वाटलं.

त्याच संध्याकाळी नलूताईंकडे पाडव्याच्या कार्यक्रमाची मीटिंग होती. मीटिंग म्हणजे अर्थात जेवण. नलूताई माझ्याहून बारा वर्षांनी मोठ्या. त्या डॉक्टर, आणि त्याच कौंटी नर्सिंग होममध्ये कामाला. मूळ पुण्याच्या, आणि मला विदर्भातली म्हणून दर भेटीत नवी तिखट चटणी करायला सांगणाऱ्या. मी पुऱ्या लाटत होते, त्या तळत होत्या. बाहेर हॉलमध्ये पुरुषमंडळी नाटक बसवायचं की ऑर्केस्ट्रा यावर भांडत होती.

"काय गं," नलूताई म्हणाल्या, "मंगळवारी पिंकच मागायचं ना?"

"तुम्हाला जे मागायचं ते मागा. मी नियम सांगते, पक्ष सांगत नाही."

"बाई गं, केवढा भाव खातेस! मला त्या बाईचं तोंड बघवत नाही. आमच्या घरांच्या मागे कचरा डेपो आणायचा म्हणते. पण होम वाचवायचं तर तिलाच द्यायला हवं. माझ्या एका पेशंट आजी आहेत, ब्याण्णव वर्षांच्या. त्यांनी मला विचारलं, डॉक्टर, बंद झालं तर मी माझी खुर्ची कुठे नेऊ? काय सांगू मी त्यांना?" त्यांनी पुरी उलटली. "म्हणून मी तू सांगितलेला नियम सगळ्यांना सांगून ठेवलाय."

"सगळ्यांना म्हणजे?"

"म्हणजे तुमच्या अपार्टमेंटमधले कुलकर्णी काका-काकू. पटेल चौघं भाऊ आणि त्यांच्या बायका. देशपांडे, आणि त्यांच्या कारपूलमधले तेलुगू लोक. आणि आमच्या केरळच्या नर्सेस. त्या तर सगळ्या तुमच्याच कॉम्प्लेक्समध्ये राहतात. सगळ्या सिटिझन झाल्यात. तीसेक जण असतील गं."

मी मनात यादी उघडली. आमचं कॉम्प्लेक्स म्हणजे प्रिसिंक्ट एकसष्ट. डोलोरेसच्या वहीत एकसष्टपुढे एकही रेघ नव्हती. माझ्या चाळीसच्या यादीत एकसष्ट नव्हताच.

"नलूताई, यांच्यापैकी कोणी ऑफिसला फोन कसा नाही केला?"

नलूताईंनी झारा कढईवर धरला आणि माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी त्यांना पुरी कशी तळायची ते विचारलंय.

"ऑफिसला? तू असताना ऑफिसला कशाला फोन करू?"

लाटणं माझ्या हातात तसंच राहिलं.

गेल्या दोन आठवड्यांत मला किती जणांनी विचारलं होतं? कुलकर्णी काकूंनी लाँड्री रूममध्ये, ड्रायर थांबायची वाट बघताना. पटेलांच्या धाकट्या सुनेनं लायब्ररीच्या पार्किंग लॉटमध्ये. देशपांड्यांनी तर जेवताना घरी फोन केला होता. 'वहिनी, एक मिनिट, दुसऱ्या पक्षाचं मागितलं तर चालतं ना?' मी प्रत्येकाला नीट उत्तर दिलं आणि विसरून गेले. डोलोरेसला आलेला फोन म्हणजे डेटा. मला विचारलं ते म्हणजे गप्पा.

आणि हे मला कळायला हवं होतं. दुसऱ्या कुणाला नाही तरी मला. गावी मी मॅट्रिक झाले त्या दिवसापासून लोक कागद घेऊन आमच्या ओट्यावर यायचे. तलाठ्याकडे जायच्या आधी माझ्याकडे. पोस्टात जायच्या आधी माझ्याकडे. खिडकीमागे बसलेल्या अनोळखी माणसाला आमच्याकडे कोणी काही विचारायचं नाही. आधी ओळखीचं माणूस बघायचं. मी स्वतः ते ओळखीचं माणूस होते. सात समुद्र ओलांडून आले, आणि तेच विसरले.

"अगं, पुरी वातड होतेय," नलूताई म्हणाल्या.

घरी जाताना गाडीत मी श्रीधरला, माझ्या नवऱ्याला, सगळं सांगितलं. तो केमिकल इंजिनिअर. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे सगळ्या कौंटीचा सर्व्हे केलास, आणि आपलंच किचन राहिलं."

"हसू नकोस."

"हसत नाहीये यार. मलाही ऑफिसात दोघांनी विचारलं होतं. मी म्हटलं, बायकोला विचारून सांगतो."

"मग मला का नाही विचारलंस?"

"विसरलो."

रविवारी सकाळी मी मिस्टर हॉलिसना घरी फोन केला. नऊ वर्षांत पहिल्यांदाच.

"शोबा, आज रविवार आहे."

"यादी चुकली आहे," मी म्हणाले. "चूक माझी आहे." आणि काय झालं ते सांगितलं.

"तुम्हाला स्वतःला किती जणांनी विचारलं?"

"आठवतात तेवढे नऊ."

"नऊ माणसांसाठी तुम्ही मला—"

"नऊ जणांनी मला विचारलं. त्यांनी पुढे किती जणांना सांगितलं ते मला माहीत नाही. एकीनं तीसेक जणांना सांगितलं एवढं माहीत आहे. आणि मिस्टर हॉलिस, मी एकटीच नाही. आपल्या ऑफिसात चौदा माणसं आहेत. प्रत्येकाच्या ओळखीचे लोक आहेत."

मग ते हळूच म्हणाले, "माझ्या न्हाव्यानं मला विचारलं होतं."

"कधी?"

"मागच्या आठवड्यात. आणि खुर्चीत बसलेल्या आणखी तिघांनी."

"तुम्ही ते कुठे लिहिलंत?"

"न्हाव्याच्या दुकानातलं कोण लिहून ठेवतं?"

"मी तेच म्हणतेय," मी म्हणाले.

सोमवारी सकाळी आठ वाजता चौदाही जण डोनटच्या डब्याभोवती उभे होते. मिस्टर हॉलिसनी मला बोलायला सांगितलं. मी म्हणाले, "ऑफिसबाहेर तुम्हाला कोणी क्रॉसओव्हरबद्दल विचारलं का? कोण, ते नको. फक्त कुठे राहतात ते सांगा."

मग गोडाऊनचा अर्ल म्हणाला, "आमच्या फायर स्टेशनवर सगळे तेच बोलतायत." तो तिथे व्हॉलंटिअर होता. पाठोपाठ एकेक जण सुरू झाला. बोलिंग लीग. सासूचा पत्त्यांचा अड्डा. शाळेतली केकची विक्री. मी भिंतीवरच्या नकाशावर टाचण्या लावत गेले. शेवटी डोलोरेस म्हणाली, "चर्चच्या बेसमेंटमध्ये, स्पॅनिश प्रार्थनेनंतर कॉफी असते. तिथे तर मला रांग लावून विचारतात."

"मग ते वहीत का नाही?"

"तिथे मी ड्युटीवर नसते," ती म्हणाली, जराशी चिडूनच.

नकाशाकडे बघून मिस्टर हॉलिसनी शीळ घातली. टाचण्या चाळीसच्या यादीबाहेर भलतीकडेच दाटल्या होत्या. आता प्रश्न एकच होता. नवीन छपाई शक्य नव्हती. आहेत तीच कार्डं वाटायची होती.

"ज्यांनी रीतसर फोन केले, त्यांच्या बूथची काढून घ्यायची?" मिस्टर हॉलिस म्हणाले.

"काढून घ्यायची नाहीत. अर्धी तिथेच ठेवू. अर्धी मधोमध ठेवू, जिथून वीस मिनिटांत कुठेही पोचतील."

"मधोमध कुठे?"

"फायर स्टेशन," अर्ल म्हणाला. "दोन आहेत. चाव्या माझ्याकडे."

तसंच ठरलं. मी नवीन शीट टाइप केलं, सही केली आणि मिस्टर हॉलिसपुढे ठेवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग माझ्या सहीच्या खाली, जिथे त्यांच्या सहीला जागाही नव्हती, तिथे स्वतःची सही केली. त्या दिवशी डबा मी चवीनं खाल्ला.

मंगळवार उजाडला तो गारठ्याचा. सकाळी सहाला बूथ उघडले. दुपारपर्यंत विशेष काही नाही. मला वाटायला लागलं, मिस्टर हॉलिसच बरोबर होते, लोकांची जीभ रेटत नाहीये.

तीनच्या पुढे फोन आला. एकसष्टच्या जज मिसेस नोव्हाक. रिटायर्ड शिक्षिका, आवाज वर्गातला.

"इथे एक विचित्र प्रकार चाललाय. साडी नेसलेल्या बायका येतायत, सोबत नर्सचा युनिफॉर्म घातलेल्या. सगळ्या येऊन म्हणतात, 'पिंक प्लीज.' मी म्हटलं, पक्षाचं नाव सांगा. तर म्हणतात, 'पिंक.' एक म्हातारे गृहस्थ माझ्याशी वाद घालतायत. म्हणतात, इलेक्शन ऑफिसातल्या बाईंनी हाच शब्द सांगितलाय."

कुलकर्णी काका. दुसरं कोण असणार?

मी कपाळाला हात लावला. ऑफिसचा नियम मी घरीदारी पाळत होते. लाँड्री रूममध्ये, पार्किंग लॉटमध्ये, जेवताना, सगळीकडे मी 'पिंक' म्हणत होते. लोकांनी तोच मंत्र पाठ केला होता. आणि कायदा सांगत होता, मतदारानं पक्षाचं नाव घेतलं पाहिजे.

"त्यांना परत पाठवू का?" मिसेस नोव्हाकनी विचारलं.

"नाही! कोणालाही पाठवू नका. त्या गृहस्थांना फोन द्या."

काका फोनवर आले. "शोभा, या बाईंना नियम माहीत नाही असं दिसतंय."

"काका, पिंक म्हणू नका. पक्षाचं नाव सांगा."

"कुठल्या?"

"जे बॅलट तुम्हाला हवंय त्या पक्षाचं!"

"तेच तर विचारतोय. पिंक म्हणजे कुठला? हत्तीच्या निशाणीवाला की गाढवाच्या?"

आणि मग मी ते केलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा, भर ऑफिसात, मोठ्यानं, दोन्ही पक्षांची नावं घेतली आणि कुठला रंग कोणाचा ते सांगितलं. टाइपरायटर थांबले. डोलोरेसनं कानाचा फोन खाली घेतला. माझ्या आईनं चारचौघांत बाबांना नावानं हाक मारली असती, तर आमचं घर असंच गप्प झालं असतं. केबिनच्या दारात मिस्टर हॉलिस उभे होते.

"तातडीचं होतं," मी म्हणाले.

"ऐकलं," ते म्हणाले. "एकदा चालेल."

काकांनी नाव घेतलं. त्यांच्यामागे सगळ्यांनी घेतलं. मिसेस नोव्हाक परत फोनवर आल्या. "आता ठीक आहे. पण मिसेस वानखडे, पिंक गठ्ठा तळाला आलाय. आणि नर्सिंग होमची आणखी एक व्हॅन आत्ताच दारात थांबली."

मी अर्लकडे बघितलं. तो कोट घालून निघालाच होता. सतरा मिनिटांत त्यानं फायर स्टेशनवरची पेटी एकसष्टवर पोचवली. पेटी पोचली तेव्हा किती कार्डं शिल्लक होती ते मिसेस नोव्हाकनी मला नंतर सांगितलं. चार. संध्याकाळपर्यंत अर्लनं आणखी पाच फेऱ्या केल्या. त्यातल्या दोन डोलोरेसच्या चर्चजवळच्या बूथवर.

सात वाजता बूथ बंद झाले. एकेका बूथचा फोन येत गेला, मी खुणा करत गेले. शेवटचा फोन एकसष्टचा.

मिस्टर हॉलिस माझ्या टेबलापाशी येऊन उभे होते. "फायर स्टेशनवर किती उरली?"

"अकरा."

"अकराशे?"

"अकरा."

ते तिथल्याच खुर्चीत बसले. साऱ्या कौंटीत एकाही बूथवर कार्ड संपलं नव्हतं. एकही माणूस परत गेला नव्हता. डोलोरेसनं उरलेल्या डोनटचा डबा माझ्यापुढे सरकवला. सोमवारचे डोनट दगड झाले होते. मी दोन खाल्ले.

फ्रंटरनर थोडक्यात पडला. बाई आल्या. गुरुवारी फ्रंटरनरचा वकील ऑफिसात आला. एकसष्टसाठी एवढी पिंक कार्डं आधीपासून कशी काय तयार होती, हे त्याला जाणून घ्यायचं होतं. मिस्टर हॉलिसनी डोलोरेसची वही आणि सोमवारचं शीट त्याच्यापुढे ठेवलं. त्यानं शीट वाचायला घेतलं.

"लाँड्री रूम. बोलिंग. न्हाव्याचं दुकान. हे काय आहे?"

"डेटा," मिस्टर हॉलिस म्हणाले.

शीटवर मतदानाच्या आधीची तारीख होती आणि खाली दोन सह्या. वकील तासभर कागद उलटत बसला, मग कॉफी पिऊन गेला. पुन्हा आला नाही.

पुढे ज्या चाळीस प्रिसिंक्टमधून फोन आले होते तिथला हिशेब मी लावला. बऱ्याच ठिकाणी जादा कार्डांना हातही लागला नव्हता. फोन करून चौकशी करणाऱ्यांपैकी पुष्कळ जण घरी बसले. ओळखीच्या माणसाला विचारणारे मात्र आले, कारण त्यांना तो माणूस दुसऱ्या दिवशी भेटणार होता. पुढच्या निवडणुकीपासून आमच्या ऑर्डर शीटवर एक कॉलम वाढला. मिस्टर हॉलिस त्याला 'शोबाज किचन' म्हणायचे. मी चौदा वर्षांनी रिटायर झाले तेव्हाही तो होता.

मी एवढंच शिकले. ऑफिसच्या वहीत ऑफिसला विचारणारेच सापडतात. बाकीचे कोणाला विचारतात ते शोधावं लागतं, आणि कधीकधी ते तुम्हालाच विचारत असतात. माझं स्वतःचं बॅलट कुठल्या रंगाचं होतं ते रेकॉर्डवर आहे. ज्याला हवं त्यानं जाऊन बघावं.

त्या शनिवारी नलूताईंचा फोन आला. माझ्या मुलीनं घेतला आणि ओरडली, "आई, नलू मावशी! शी साउंड्स मॅड!"

"ऐकलंस का?" नलूताई म्हणाल्या. "होम वाचल्यातच जमा. आमच्या आजींनी खुर्ची खिडकीजवळ सरकवून घेतलीय. पण तुमच्या बाईंनी कचरा डेपोची जागा आत्ताच जाहीर केली! आमच्या मागेच! आता नोव्हेंबरात हिला पाडायचं तर कुठला रंग मागायचा?"

"नोव्हेंबरात रंग नसतो, नलूताई. एकाच कार्डावर सगळे असतात. नियम विचारायचे तर ऑफिसला फोन करा. नंबर देऊ?"

"तू असताना?"

फ्रिजवर मी एक कोरा कागद लावून ठेवला होता. त्यावर नलूताईंचा प्रिसिंक्ट लिहिला आणि पुढे एक रेघ मारली.